साष्टांग घालता येत नाही

कुंभकोणम,
१४ जून १९५४

आक्का,

तुला साष्टांग नमस्कार घालायचा तर पालथं पडावं लागतं, आणि पालथं पडणं मला सध्या जमत नाही. म्हणून उभ्यानंच हात जोडतो, गोड मानून घे.

तुझ्या गोपाळाच्या लेकाचे कान टोचायला मी मद्रासेस आलो नाही म्हणून तू रागावलीस. गाडीभाड्याला पैसे नव्हते असं मी कळवलं होतं, ते खोटं. तिसऱ्या वर्गाच्या फळीवर रात्रभर बसणं शक्य नव्हतं, हे खरं. आजार पोटाच्या जरा खाली आहे. किती खाली, ते विचारू नकोस. एवढंच सांगतो की मृदंग मांडीत घेऊन बसलो की मृदंगाला जागा उरत नाही. चैत्रात तिरुविडैमरुदूरच्या लग्नात मी वाद्य तिरकं धरून वाजवलं, तर गाणारे म्हणाले, “नरसिंहराव, हे तोफेसारखं माझ्यावर का रोखलंत? माझं काही चुकलं का?”

शेवटी डॉक्टरकडे गेलो. आधी मोठ्या रस्त्यावरच्या खाजगी डॉक्टरांकडे. त्यांच्या पाटीवर इतक्या पदव्या आहेत की शेवटच्या दोन शेजारच्या भांड्यांच्या दुकानावर गेल्या आहेत. डोक्यावर पंखा, समोर गालिचा, वेळ म्हणून लागला नाही. त्यांनी पाहिलं, डोळे मोठे केले आणि म्हणाले, “उद्या सकाळीच कापलं पाहिजे. तीनशे रुपये.” मी धोतर सावरलं आणि उद्या येतो म्हणून जो निघालो तो सरळ सरकारी आस्पत्रीत.

तिथं फुकट. पण फुकटाची तऱ्हा ऐक. पहाटे चिठ्ठी घ्यायची आणि बाकावर बसायचं. पुढचा उठला की सगळ्यांनी बूड उचलून एक जागा पुढं सरकायचं. आता माझ्यासारख्या रोग्यानं अर्धा दिवस बूड सरकवायचं म्हणजे काय, हे तुला कळणार नाही, आणि कळू नये हीच प्रार्थना. दुपारी सर्जनसाहेबांपुढं उभा राहिलो. त्यांनी पाहिलं न पाहिलं केलं आणि म्हणाले, “घाई नाही. पळून जात नाही ते. यादीत नाव घालतो, पोंगलानंतर या.”

एकाच वस्तूला एक म्हणतो उद्या, दुसरा म्हणतो पुढच्या वर्षी!

मी म्हटलं, “साहेब, कार्तिक अमावस्येला तिरुविसनल्लूरच्या मठात भजनाला मला वाजवायचं असतं. माझ्या वडिलांनी वाजवलं, आजोबांनी वाजवलं.”

ते म्हणाले, “त्यांनाही हे होतं का?”

असो. गोपाळ सर्जन आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच बजावतो, त्याला यातलं एक अक्षर सांगू नकोस.

नरसिंह


मैलापूर, मद्रास,
२१ जून १९५४

नरसिंहा,

आशीर्वाद. मला सगळं कळलं. मांडीत मृदंगाला जागा नाही याचा अर्थ तुझं पोट सुटलंय. तुझी बायको गेल्यापासून तू हॉटेलात जेवतोस, रव्याच्या खिचडीवर वाटी उपडी करून तूप घेतोस, मग आणखी काय होणार? तूप बंद कर. तरीही दुखत असेल तर आतड्याचं काही असेल.

पण आस्पत्रीच्या बाकावर बसायला तुला कोणी सांगितलं? ज्याचं कोणी नाही तो तिथं जातो. तुझी बहीण अजून जिवंत आहे, आणि तिच्या पोटी सर्जन आहे. गोपाळाचं नर्सिंग होम तू पाहिलंही नाहीस. सहा लोखंडी खाटा आहेत, कोऱ्या करकरीत. दर दोन खाटांमागं एक पंखा. केरळची नर्स आहे, पांढरीशुभ्र, बगळ्यासारखी. रोग्यांची इतकी गर्दी की माझ्या लेकाला जेवायला सवड नाही. तरी तुझ्यासाठी खाट निघेल. उद्या ये, परवा ये, सकाळी ये, संध्याकाळी ये. केव्हाही आलास तरी चालेल.

गोपाळाला मी काही सांगितलं नाही. फक्त तुझं पत्र वाचून दाखवलं. तो मध्येच खोकत बाहेर गेला. कामाच्या ताणानं त्याची छाती भरलेली दिसते.

अंबाबाई


कुंभकोणम,
२ जुलै १९५४

आक्का,

सांगितलं नाही, फक्त वाचून दाखवलं! धन्य तुझी.

मी मद्रासेस येणार नाही. तूप बंद केलंय, त्यानं रव्याची खिचडी तेवढी बिघडली, बाकी फरक नाही. आता कान इकडे कर. तुझे यजमान नोकरीनिमित्त गावोगाव फिरत होते तेव्हा गोपाळ सहा वर्षं माझ्या घरी शाळा शिकला. दर शनिवारी त्याला पाटावर बसवून, तेल चोळून, शिकेकाई लावून मी न्हाऊ घातलाय. तो ओरडायचा, मी ऐकायचो नाही. त्याचा लंगोट मी नेसवलाय. आता त्याच पोरानं माझा— नाही आक्का. देवानं मला विनोदबुद्धी दिली आहे, पण इतकी नाही.

बाकावर काही वाईट चाललेलं नाही. आपल्या मराठी मंडळींतला एकोजी भेटला, तंजावरच्या राजवाड्यात ज्याचे पणजोबा मशालजी होते तो. अजून मशाल हातात असल्यासारखाच चालतो. त्याला अंतर्गळ आहे. त्याचं नाव यादीत माझ्या वर आहे, म्हणून माझ्याशी जरा मोठेपणानं बोलतो. काल म्हणाला, “नरसिंहा, गेल्या वर्षीपासून थांबलोय मी. तू अजून नवा आहेस, तुला रांगेतलं काय कळतं?”

मजा आहे. फक्त पाऊण महिना झाला, मृदंगाला हात लावलेला नाही. संध्याकाळी बोटं आपोआप हलतात. शेजारच्या गंगाबाईला वाटतं मला कंपवात झालाय.

नरसिंह


मद्रास,
१० जुलै १९५४

नरसिंहा,

तो खोकला नव्हता. तो हसायला बाहेर गेला होता.

काल त्याला बसवून विचारलं. म्हणाला, “आई, मामा कुंभकोणमचे. बसता येत नाही, पालथं पडता येत नाही, नाव सांगवत नाही. यात ओळखायचं काय? तिथल्या डासांनी अर्ध्या गावाला दिलंय ते.”

अंडवृद्धी. लिहिलं बघ. कागद जळला नाही, दौत उलटली नाही. तू मला लाजतोस? तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी मी. आई बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत तुला मीच धुतलं-पुसलं. तेव्हा काय झाकलं होतंस?

गोपाळ म्हणतो, साधं ऑपरेशन आहे, आठ दिवसांत उठाल. ये. मी पाया पडते म्हणून ये. थोरल्या बहिणीनं पाया पडणं बरं दिसत नाही, पण पडते. याच महिन्यात आलास तर फार बरं होईल. का ते विचारू नकोस.

अंबाबाई


कुंभकोणम,
२४ ऑगस्ट १९५४

आक्का,

मी बरा झालो! आता साष्टांग घे, एक नाही, दोन.

दीड महिना पत्र नाही म्हणून रागावू नकोस. नाव उच्चारून टाकलंस, त्यावर काय उत्तर लिहावं तेच कळेना. मग गंगाबाई म्हणाली, तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला नवस बोला. तो समुद्राच्या फेसाचा, म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक चालत नाही. मला पटलं. ज्याला स्वतःला पाणी सोसत नाही तो माझ्या पाण्याचं दुःख जाणेल. जाऊन कापूर वाहून आलो. देवानं तिथल्या तिथंच वाट दाखवली. परतताना एकोजी भेटला, म्हणाला, सुंदरपेरुमाळ कोयिलला एक म्हातारा कंपौंडर आहे, पूर्वी पलटणीत होता, सुईनं पाणी काढून देतो. चार रुपये घेतो.

गेलो. ना चिठ्ठी, ना बाक, ना पाटी. गोठ्याशेजारी एक पडवी. त्यानं सुई चुलीच्या जाळावर धरली, मला छपराकडे बघायला सांगितलं आणि “राम म्हणा” म्हणाला. मी रामही म्हटलं आणि दुसरंही बरंच काही म्हटलं. अर्धी तपेली पाणी निघालं, आक्का. पेजेसारखं. उठलो तर वाटलं, कोणी दुसऱ्याचेच पाय लावून दिलेत.

परवा आवणी महिन्याच्या मुहूर्तावरच्या लग्नात चार तास वाजवलं. तनि आवर्तनात, मृदंगाची एकट्याची पाळी आली तेव्हा, असा रंग भरला की जेवणाच्या पंक्तीतली माणसं उष्ट्या हातानं ऐकायला आली. सरकारचा बाक आणि खाजगीवाल्याचा गालिचा, दोन्ही गेले चुलीत. मधली वाट असते, ती शहाण्याला सापडते.

यादीतून मात्र नाव काढलेलं नाही. इतकं सोसून मिळवलेली जागा सोडवत नाही.

नरसिंह


मद्रास,
५ सप्टेंबर १९५४

नरसिंहा,

गोपाळास तुझं पत्र धाडलं. तो म्हणतो, पाणी पुन्हा भरेल, भरतंच. आणि गोठ्यातली सुई पुन्हा लावून घेतलीत तर पाण्याऐवजी पू निघेल. हे शब्द त्याचे. माझे शब्द याहून वाईट आहेत, पण सध्या लिहायला सवड नाही.

नर्सिंग होम आम्ही मोठ्या जागेत हलवत आहोत. म्हणून यापुढं पत्र माझी जाऊ सरस्वती हिच्या पत्त्यावर टाक. गोपाळ कामानिमित्त बाहेरगावी असतो. तू प्रकृतीला जप. इकडं यायची घाई करू नकोस, सगळं नीट बसलं की मीच बोलावीन.

अंबाबाई


सरकारी आस्पत्री, कुंभकोणम,
१६ ऑक्टोबर १९५४

आक्का,

हे पत्र जमिनीवर पडून लिहितोय, अक्षर वाकडं येईल. डाव्या हाताला एक खाट, उजव्या हाताला एक खाट, मध्ये चटई, चटईवर मी. डावीकडचा घोरतो, उजवीकडचा शेंगा खाऊन टरफलं माझ्यावर टाकतो.

गोपाळ म्हणाला तेच झालं. पाणी भरलं, मी पुन्हा गेलो. दुसऱ्या खेपेला चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. गंगाबाईनं बैलगाडी करून मला इथं आणून टाकलं. मोठे सर्जन बदली होऊन गेलेत. धाकटे डॉक्टर इंजेक्शनं देतात आणि नवे साहेब येऊ देत म्हणतात. नवे साहेब कधी येणार, ते मद्रासच्या सरकारास ठाऊक. काल वॉर्डातून एकाला नेलं, खांद्यावरून. त्याचाही ताप माझ्यासारखाच होता म्हणे.

तेव्हा आता थट्टा पुरे. मी येतो. गोपाळानं बघितलं तर बघू दे, त्यानं कापलं तर कापू दे. लाज हा धडधाकट माणसाचा दागिना आहे. तुझ्या सहा खाटांपैकी एक पंख्याखालची ठेव. ताप जरा उतरला की एकोजी मला गाडीत घालून देईल.

तू दोन पत्रांमागं पायाही पडलीस, आणि मागच्या पत्रात ये म्हटलं नाहीस. रागावली आहेस ना? राग काढ, पण मी आल्यावर.

तुझा,
नरसिंह


मद्रास,
१९ ऑक्टोबर १९५४

नरसिंहा,

येऊ नकोस. खाट नाही.

नर्सिंग होम आवणीतच बंद झालं. मोठ्या जागेत हलवलं नाही, लिलावात हलवलं. माझ्या पाटल्या आणि तुझ्या मेहुण्यांनी बांधलेलं घर, दोन्ही त्यात गेलं. मी जावेच्या घरी राहते.

गर्दी कधीच नव्हती. इथं ज्याच्याकडे पैसा आहे त्याला केस पिकलेला डॉक्टर लागतो, आणि ज्याला तरुण चालतो त्याच्याकडे पैसा नसतो. तो जनरल आस्पत्रीच्या दारात रांग लावतो. मधले लोक घरीच कण्हतात. जो कोणी येई त्याला माझा लेक म्हणे, “हे इथं कशाला? एक्स-रे तिथं फुकट निघतो.” एकाला तर स्वतःच्या खिशातून रिक्षा करून दिली. असं कुठं दुकान चालतं?

आषाढात एक चेट्टियार सावकार भागीदारी द्यावी का ते बघायला येणार होता. सहाही खाटा रिकाम्या कशा दाखवायच्या? म्हणून तुला बोलावत होते. माया होती, खोटं नाही सांगत, पण निम्मी माया आणि निम्मी खाट भरायची. तू आला नाहीस. शेवटी मीच एका खाटेवर चादर ओढून कण्हत पडले. चेट्टियारानं नर्सला विचारलं, “या आजींना काय झालंय?” ती म्हणाली, “काही नाही, या डॉक्टरांच्या आई.” खरं बोलणारी पोर. चेट्टियार गेला तो गेलाच.

गोपाळानं मग सरकारी नोकरी धरली. कडलूरला तात्पुरता आहे, तिथून कुठं टाकतील ते माहीत नाही. त्याला तार केली आहे. पण त्याला रजा कोण देणार?

ज्याचं कोणी नाही तो सरकारी आस्पत्रीत जातो, असं मी लिहिलं होतं. ते पत्र असेल तर फाडून टाक. धाकट्या डॉक्टरचे पाय धर, नर्सचे धर, झाडूवालीचेही धर. मला भाऊ एकच आहे.

अंबाबाई


कुंभकोणम,
८ नोव्हेंबर १९५४

आक्का,

जिवंत आहे. आधी हे वाच, मग डोळे पूस, मग पुढचं वाच.

तुझं पत्र माझ्या हाती पडलं तेव्हा मला नीटसं वाचता येत नव्हतं. उजवीकडच्या शेंगावाल्यानं पाकीट फोडून दिलं, पण त्याला मराठी येईना. मी एक ओळ वाचायचो आणि डोळा लागायचा. मी स्वप्नात तुझ्या चेट्टियारापुढं कण्हत होतो, आणि तो म्हणत होता, यांना मात्र खरंच झालंय.

त्या रात्री ताप फार चढला. सकाळी हेडनर्सनं मला बघितलं आणि धावत गेली. जी जागा मी बाकावर बूड झिजवून मिळवू शकलो नाही, ती तापानं एका रात्रीत मिळवून दिली. “नवे साहेब आलेत, आत्ताच आत घ्या,” असं कोणीतरी ओरडलं.

टेबलावर घातलं, पाठीत सुई मारली. कमरेखालचा मी नाहीसा झालो. छातीवर पडदा आडवा लावला. तरी मला लाज वाटलीच. दोन नर्सा तिथं होत्या, म्हणून मी अंगावरचं पंच्याचं टोक ओढून तोंडावर घेतलं.

पडद्यापलीकडून आवाज आला, तमिळात, “पेशंटचं नाव?”

“नरसिम्मन,” नर्स म्हणाली.

पडदा वर झाला. मग तोच आवाज, हळू, आणि मराठीत:

“मामा, तोंड झाकून काय उपयोग? मला तोंडाचं काही करायचं नाही.”

आक्का, जमीन दुभंगली असती तर मी टेबलासकट आत गेलो असतो.

मी फडक्याखालून म्हटलं, “गोपाळा, तू बाहेर जा. दुसऱ्या कोणाला तरी पाठव.”

“दुसरं कोणी नाही, मामा. मीही नसतो. रात्री कडलूरहून निघालो, आत्ता स्टेशनावरून सरळ इथं. तुम्ही इथं आहात हे ठाऊकच नव्हतं, आईनं कळवलं असेल तर ते मला मिळालंच नाही. माझी आंघोळसुद्धा नाही झालेली.”

“आंघोळीशिवाय मला हात लावतोस?”

नर्सनं विचारलं, “पेशंट काय म्हणतात?”

“म्हणतात, हात स्वच्छ धुवा,” गोपाळ म्हणाला. आणि मला, “मामा, शनिवारी मला पाटावर धरून तेल चोळत होतात तेव्हा मी नको नको म्हणत होतो. तुम्ही ऐकलंत?”

मी फडकं काढलं. त्याचं तोंड बांधलेलं होतं, नुसते डोळे दिसले. तुझे डोळे, आक्का. आणि ते ओले होते. मला लाज वाटत होती ती माझ्या देहाची. त्याला वाटत होती ती तुझ्या पाटल्यांची. मी म्हटलं, “बरं, कर काय करायचं ते. पण हात थरथरू देऊ नकोस.” म्हणाला, “तुमची बोटं थांबवा आधी, टेबल हलतंय.”

काम करता करता तो बोलत होता. तिथं सहा खाटा होत्या, मामा, आणि मी दाराकडे बघत बसायचो. कोणी आजारी पडावं असं मनात यायचं, आणि मग स्वतःचीच घाण वाटायची. इथं आत शिरताना तीन माणसं ओलांडून आलो. आईला कसं तोंड दाखवू? मी म्हटलं, “तिनं खाटेवर पडून कण्हून दाखवलं तुझ्यासाठी, तू नुसतं तोंड दाखव.” तो पडद्याआड हसला की रडला, कळलं नाही. खालचं काही कळतच नव्हतं.

पू झाला होता. आणखी दोन दिवस गेले असते तर हे पत्र एकोजीनं लिहिलं असतं. गोपाळानं एक कापून काढलं, एक वाचवलं. या वयात एक पुरे.

बाहेर आल्यावर मला परत चटईवर टाकलं. मी म्हटलं, “अरे, भाचा सर्जन, आणि मी जमिनीवर?” तो म्हणाला, “मामा, खाटेवरचा माणूस तुमच्याहून जास्त आजारी आहे.” मी त्याला निवडक शिव्या दिल्या, मराठीत, म्हणजे वॉर्डाला वाटावं आशीर्वाद देतोय. पण तुला खरं सांगतो, त्या रात्री चटई टोचली नाही.

काल त्यानं एकोजीचंही केलं. पहाटे आस्पत्रीच्या दारात ही झुंबड असते. गोपाळ माझ्या घरी राहतो, रात्री जेवताना घास हातात धरून झोपतो. लोकांना कळलंय, तेव्हा संध्याकाळी माझ्या ओट्यावर सोनारापासून गुरवापर्यंत सगळे येतात, नारळ घेऊन, आमचं नाव जरा वर घ्या म्हणून. तो नारळ परत करतो. मी एक ठेवून घेतला होता, तोही त्यानं परत करायला लावला.

महिनाभर मृदंग नाही म्हणाला. म्हणजे यंदाची कार्तिक अमावस्या गेली. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

नरसिंह


मद्रास,
१४ नोव्हेंबर १९५४

नरसिंहा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा सरस्वतीनं मोठ्यानं वाचलं, आणि नको तिथं थांबून हसली. मला राग आला नाही. फार दिवसांनी या घरात कोणी हसलं.

सूनबाईला आणि नातवाला घेऊन मी पुढच्या महिन्यात तिकडं येते. तुझा स्वयंपाक माझ्याकडे. तूप मिळेल, मोजून.

लिलावात पाच खाटा गेल्या. सहावीचा एक पाय आखूड निघाला, म्हणून ती कोणी घेतली नाही, माझ्याकडे राहिली. तिच्यावर मी निजत होते. ज्या दिवशी तू जमिनीवर पडून लिहिलंस त्या दिवसापासून मला तिच्यावर झोप येत नाही. चटई टाकून खाली निजते, पाठीला बरं वाटतं. ती खाट मी मालगाडीनं धाडली आहे, पावती सोबत आहे. पायाखाली विटेचा तुकडा घाल. आस्पत्रीत नेऊन दे. गोपाळाला सांगू नकोस, तो लाजेल. नुसतं आत नेऊन ठेव.

अंबाबाई


कुंभकोणम,
२ डिसेंबर १९५४

आक्का,

अमावस्येला तिरुविसनल्लूरला गेलो होतो, मोकळ्या हातानं. तंजावरहून दुसरा मृदंगवाला आणला होता. वडिलांच्या जागेवर तो बसला आणि मी समोर लोकांत बसलो. त्याचा डावा हात जड आहे, असं मी एकोजीला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा एकोजी म्हणाला, “नरसिंहा, तो चांगला वाजवतोय.” वाजवत होता. मग मी गप्प बसलो आणि ऐकलं. इतकी वर्षं मी त्या भजनात होतो, पण ते पुरतं ऐकलं नव्हतं कधी. मठाच्या विहिरीत त्या दिवशी गंगा येते म्हणून सगळे तिथं न्हातात; तिच्याजवळ जाऊन थोडा रडलो, तिथं सगळे ओलेच असतात, कोणाला कळलं नाही.

आता खाटेचं. ती परवा स्टेशनात उतरली. बैलगाडीत घालून आस्पत्रीत नेली. फाटकात कारकून आडवा आला. “हे काय?” म्हटलं, खाट. “कोणाची?” म्हटलं, आता तुमची. म्हणाला, तसं घेता येत नाही. सरकारनं दान घ्यायचं तर आधी अर्ज. अर्ज तंजावरला जाणार, तंजावरहून मद्रासला, तिथून माणूस येऊन खाट बघणार, लांबी-रुंदी मापणार, मग मंजुरी. विचारलं, किती दिवस? त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला बाकावरचे दिवस आठवले. म्हणजे आक्का, खाटेचंही नाव यादीत लागलं.

बैलगाडीवाला थांबायला तयार नव्हता. म्हणून ती व्हरांड्यात भिंतीला टेकवून उभी केली, विटेचा तुकडा शेजारी ठेवला आणि अर्जाचा कागद आणायला आत गेलो. परत येऊन बघतो तर ती उभी नव्हती. कोणीतरी आडवी करून, वीट पायाखाली सारून, एका बाईला तिच्यावर निजवलं होतं. कुठल्या गावची, कोण, माहीत नाही. दिवस भरलेले होते. तिचा नवरा खाली बसून तिच्या पायांना तेल चोळत होता. माझ्याकडे बघून घाबरत म्हणाला, “सामी, ही खाट तुमची का?”

मी म्हटलं, “नाही, सरकारची.”

कारकून तिकडून येत होता. त्यानं खाटेकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसत दुसऱ्या बाजूनं निघून गेला.

नरसिंह